दुपारी मंदावणारा प्रोसेसर

लग्नसराईत माझ्या संगणकाने एक विचित्र चाल धरली. रात्री जो दहा मिनिटांचा व्हिडिओ तो १४ मिनिटांत रेंडर करायचा, म्हणजे जोडून त्याची पक्की फाईल बनवायचा, त्यालाच दुपारी वीस-एकवीस मिनिटं घ्यायला लागला. फाईल तीच, सॉफ्टवेअर तेच, सेटिंगही तेच. दहा मिनिटांच्या तुकड्याला सहा-सात मिनिटं जादा म्हणजे तीन तासांच्या लग्नाच्या फिल्मला जवळजवळ दोन तास जादा. एप्रिल-मेमध्ये हातात एका वेळी पाच-सहा लग्नं असतात, तेव्हा हे दोन तास फार महाग पडतात.

सांगलीत मार्केट यार्डाच्या जवळ माझं व्हिडिओ मिक्सिंगचं काम चालतं. खोली वरच्या मजल्यावर, छत पत्र्याचं. फेब्रुवारीपासून यार्डात हळदीच्या सौद्यांची गर्दी सुरू होते आणि ती उन्हाळाभर टिकते, म्हणजे नेमकी लग्नांच्या हंगामात. संगणक २०२० साली बाजारात आलेल्या इंटेल कोअर आय५-१०४०० प्रोसेसरचा आहे. सहा कोअर (एकाच चिपमधले सहा कामकरी), बारा थ्रेड (एका वेळी चालणाऱ्या कामांच्या ओळी), मूळ वेग २.९ गिगाहर्ट्झ, टर्बो, म्हणजे गरजेला चढणारा वेग, ४.३ गिगाहर्ट्झपर्यंत. मदरबोर्ड साधा, वेगळं ग्राफिक कार्ड नाही.

ज्या दुकानातून हार्डवेअरची कामं करून घेतो तिथे सांगितलं, तर दुकानदार म्हणाले, "दादा, पाच वर्षं झाली की ओ. प्रोसेसर म्हातारा झाला आता. नवा बसवा, बोर्ड आणि रॅमसकट." त्यांचा सल्ला मनापासूनचा होता, पण मला पटेना. जो प्रोसेसर रात्री पळतो तो दुपारी म्हातारा कसा होईल? वयामुळे मंद झाला असता तर दिवसरात्र मंद राहिला असता. काहीतरी असं होतं जे दुपारी बदलत होतं. ते शोधायचं ठरवलं आणि त्या शोधात प्रोसेसरचा वेग कशाकशावर टांगलेला असतो हे एकेक करून माझ्यासमोर उलगडत गेलं. ते सगळं इथे लिहून ठेवतोय, कारण माझ्यासारखेच मिक्सिंग, अल्बम डिझाइन, डीटीपी करणारे कितीतरी जण दर तीन-चार वर्षांनी निव्वळ अंदाजावर पैसे घालतात.

सगळ्यात आधी मोजायची पद्धत पक्की केली. एका लग्नातला मंगलाष्टकांचा दहा मिनिटांचा तुकडा निवडला. फुल एचडी, दोन कॅमेरे, थोडं कलर करेक्शन, शहनाईच्या आवाजातली खरखर काढणारा एक फिल्टर. प्रत्येक वेळी हाच तुकडा, याच सेटिंगवर. आधी संगणक रीस्टार्ट करायचा, ब्राउझर आणि बाकी सगळं बंद, अँटिव्हायरसचं स्कॅन सुरू नाही ना हे बघायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि मगच एक्स्पोर्टचं बटण दाबायचं. वहीत लागलेला वेळ, क्लॉक (म्हणजे प्रोसेसरचे सेकंदाला पडणारे ठोके), तापमान, वॅट आणि खोलीचं तापमान एवढ्या नोंदी. क्लॉकचा चालू आकडा टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये दिसतो. तापमान आणि वॅट बघायला एचडब्ल्यूइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर घेतलं. त्यात थर्मल थ्रॉटलिंग अशी एक ओळ असते. तिच्यासमोर 'यस' आलं की प्रोसेसर उष्णतेमुळे स्वतःचा वेग कमी करतोय असं समजायचं.

रात्री दहानंतर चाचणी घेतली. खोली २८ अंशांवर. क्लॉक ३.७ गिगाहर्ट्झच्या आसपास, तापमान ९१-९२. वेळ १४ मिनिटं. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला खोली ३९ अंशांवर होती. पहिली दोन-तीन मिनिटं ठीक गेली, मग तापमान १०० ला टेकलं आणि क्लॉक खाली येऊ लागलं. ३.४, ३.१, शेवटी २.५-२.६ वर अडकलं. थ्रॉटलिंगसमोर 'यस'.

या दोन नोंदी शेजारी ठेवल्यावर बराचसा उलगडा झाला. प्रोसेसरवर बसवलेला कूलर, म्हणजे धातूची पाती आणि पंखा, त्याची उष्णता खोलीतल्या हवेत सोडतो. प्रोसेसर हवेपेक्षा किती अंश तापणार हे तो किती वॅट खातो आणि कूलर किती चांगला आहे यावर ठरतं. खोलीचं तापमान त्यात सरळ मिळवायचं. रात्री खोली २८ आणि प्रोसेसर ९२, म्हणजे ६४ अंशांची वाढ. दुपारी ३९ मध्ये तेच ६४ मिळवले तर १०३ होतात. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. तिथे पोचल्यावर तो जळू नये म्हणून क्लॉक आणि व्होल्टेज आपोआप उतरवतो. रात्रीही तो काठावरच चालत होता, फक्त काठ ओलांडत नव्हता.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. प्रोसेसरची वीज क्लॉकच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. क्लॉक वाढवायचं तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, म्हणून वरचे शेवटचे काही शे मेगाहर्ट्झ सगळ्यात जास्त वीज आणि उष्णता घेऊन येतात. उलट्या बाजूने बघा. क्लॉक २० टक्के कमी केलं आणि त्याबरोबर व्होल्टेज १० टक्के उतरलं, तर वीज साधारण ३५ टक्क्यांनी घटते. म्हणूनच प्रोसेसरला जीव वाचवायचा असला की तो क्लॉकला हात घालतो.

उष्णतेचा हा पेच सगळ्या उद्योगालाच नडला आहे. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये मांडलं होतं की ट्रान्झिस्टर (प्रोसेसरमधले विजेचे सूक्ष्म खटके) लहान करत गेलात तर व्होल्टेजही त्याच प्रमाणात कमी करता येतं आणि तेवढ्याच जागेतली उष्णता वाढत नाही. त्या बळावर क्लॉक वर्षानुवर्षं चढत गेलं. १९७१ च्या इंटेल ४००४ चं क्लॉक सेकंदाला ७ लाख ४० हजार ठोक्यांचं होतं. २००४ पर्यंत ते ३.८ गिगाहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ३८० कोटींवर पोचलं. पण ट्रान्झिस्टर फार लहान झाल्यावर बंद असतानाही त्यातून वीज झिरपायला लागली आणि व्होल्टेज आणखी उतरवणं जमेना. ऑक्टोबर २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणण्याचा बेत रद्द केला. त्यानंतरच्या वीस वर्षांत क्लॉक दुपटीलाही पोचलेलं नाही. माझ्या पत्र्याच्या खोलीत जे घडत होतं, ते याच भिंतीला घासून घडत होतं.

कॅबिनेट उघडलं. पंखा वरून बरा दिसत होता. तो सोडवून खालच्या अॅल्युमिनियमच्या पात्यांकडे पाहिलं तर पात्यांमधल्या फटींवर पिवळट राखाडी थर घट्ट बसला होता. हळदीची पूड, साधी धूळ आणि दमट हवा यांचा थापून बसलेला लगदा. पंखा फिरत होता, पण हवा पात्यांतून जातच नव्हती. यार्डाच्या परिसरात दुकान असणाऱ्यांना हे नवीन नाही. पॉलिश केलेली हळदसुद्धा पोती हलली की पूड सोडते, आणि ती फार बारीक असते.

कूलरला बोट लावून हळूच हलवलं तर तो एका कोपऱ्यातून हलला. चार प्लॅस्टिकच्या पिनांपैकी एक नीट बसलेलीच नव्हती, म्हणजे प्रोसेसरच्या पाठीवर कूलरचा दाब एका बाजूने कमी होता. मधली थर्मल पेस्ट वाळून तिचे पापुद्रे झाले होते. धातूचे दोन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात सूक्ष्म खळगे असतात. त्यात हवा राहते आणि हवा उष्णता फार वाईट नेते. पेस्ट ती हवा हटवण्यासाठी असते.

ब्रशने थर सैल केला आणि ब्लोअरने उडवला. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं, नाहीतर पंखा भलत्या वेगाने फिरतो आणि बेअरिंग खराब होतं. जुनी पेस्ट आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसली, नवीन पेस्ट हरभऱ्याच्या दाण्याएवढी मध्यभागी ठेवली आणि चारही पिना कट्ट वाजेपर्यंत समोरासमोरच्या जोड्यांनी दाबल्या. पेस्ट जास्त लावली की जास्त थंडावा मिळतो असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. तसं होत नाही. थर जितका पातळ तितका बरा.

फरक लगेच दिसला. रात्री तापमान ७२, दुपारी ८३. वाढ ६४ अंशांवरून ४४ वर आली होती. दुपारची वेळही आता रात्रीएवढीच, १४ मिनिटं. म्हातारा म्हणवला गेलेला प्रोसेसर दीडशे रुपयांची पेस्ट आणि अर्ध्या दिवसाच्या कामात मूळ पदावर आला. मला त्या दिवशी झालेला आनंद अजून आठवतो. नवीन यंत्र घेतल्याचा आनंद वेगळा असतो. हा आपल्या यंत्राची खोड सापडल्याचा होता.

इथे थांबता आलं असतं, पण वहीतल्या एका नोंदीने झोप लागू देईना. थ्रॉटलिंग बंद झालं होतं, तापमान ७२ होतं, तरी क्लॉक ३.७ वरच का? सुरुवातीचा अर्धा मिनिट ते ४.० दाखवायचं आणि मग घसरायचं. उष्णता कारण नव्हती.

कारण होतं वॅटची मर्यादा. इंटेलच्या या पिढीत प्रोसेसरला दोन मर्यादा दिलेल्या असतात. एक दीर्घकाळासाठी, आय५-१०४०० ला ती ६५ वॅट. दुसरी थोड्या वेळापुरती, १३४ वॅट, ती २८ सेकंदांच्या हिशेबाने. काम सुरू झालं की प्रोसेसर आधी मोकळा सुटतो, मग सरासरी हिशेब भरला की ६५ वॅटवर आवळला जातो. सहाही कोअर एकदम चालतात तेव्हा जास्तीत जास्त ४.० गिगाहर्ट्झ मिळतात आणि खोक्यावरचे ४.३ फक्त एखाददुसरा कोअर चालू असतानाचे. म्हणजे खोक्यावरचा आकडा खोटा नाही, पण माझ्या कामात तो कधी येणारच नाही. एखादं पान उघडताना, एखादी फाईल वाचताना प्रोसेसर त्या आकड्याने पळतो आणि आपल्याला संगणक चपळ वाटतो. तासभर चालणाऱ्या रेंडरला मात्र ६५ वॅटमध्ये जे बसेल तेच मिळतं.

बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन ही मर्यादा वाढवता येत होती. मी वाढवली नाही. माझ्या बोर्डावर प्रोसेसरला वीज पुरवणारा जो भाग असतो त्यावर हीटसिंक (उष्णता ओढून घेणारे धातूचे ठोकळे) नाहीत, उघडे घटक आहेत. दुपारी ३९ अंशांच्या खोलीत त्यांच्यावर आणखी भार टाकून मिळणार होतं ते ३.७ चं ४.०, म्हणजे आठ टक्के. आठ टक्क्यांसाठी भर हंगामात बोर्ड जाण्याचा धोका घेणं मला योग्य वाटलं नाही. हीटसिंकवाला चांगला बोर्ड असता तर वाढवली असती.

याच सुमारास एका फोटोग्राफर मित्राचा लॅपटॉप बघण्यात आला. कोणीतरी तो गरम होतो म्हणून विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये कमाल प्रोसेसर स्टेट ९९ टक्के करून ठेवली होती. एक टक्क्याने काय होणार असं वाटतं, पण ९९ केलं की टर्बो पूर्ण बंद होतो आणि प्रोसेसर मूळ वेगाच्या वर जातच नाही. तो आकडा १०० केला आणि त्यांचं फोटोंचं सॉफ्टवेअर तिथल्या तिथे सुधारलं.

आता क्लॉकच्या पलीकडे. माझ्याकडे २००५ पासून पेंटियम ४ होता, ३ गिगाहर्ट्झचा, आणि त्या काळी तो आकडा मी अभिमानाने सांगायचो. पुढे कोअर २ ड्युओ ई६३०० घेतला. त्याचा वेग १.८६ गिगाहर्ट्झ. कागदावर जुन्याच्या साठेक टक्केच, आणि प्रत्यक्षात तो एकेका कोअरवरही जुन्याला मागे टाकत होता. तेव्हा कारण कळलं नव्हतं, आता या शोधाच्या निमित्ताने नीट वाचलं. पेंटियम ४ च्या त्या आवृत्तीत एक सूचना पूर्ण व्हायला ३१ टप्पे लागत, कोअर २ मध्ये १४. टप्पे बारीक केले की प्रत्येक टप्पा लवकर उरकतो आणि क्लॉक चढवता येतं. पण प्रोग्राममध्ये ठिकठिकाणी 'हे असेल तर इकडे, नसेल तर तिकडे' अशी वळणं असतात. प्रोसेसर कुठे वळायचं याचा अंदाज आधीच बांधून पुढच्या सूचना टप्प्यांत भरून ठेवतो. अंदाज चुकला की भरलेलं सगळं फेकून पुन्हा सुरुवात. ३१ टप्प्यांत ही फेकाफेक फार महाग पडते. शिवाय कोअर २ एका ठोक्यात जास्त सूचना उचलत असे. म्हणून वेग म्हणजे ठोक्यांची संख्या गुणिले दर ठोक्याला होणारं काम. जाहिरातीत पहिलाच आकडा छापतात, कारण दुसरा कामागणिक बदलतो.

त्या दर ठोक्याच्या कामाला सगळ्यात जास्त खीळ घालते ती मेमरी. हा भाग मला सगळ्यात आवडला आणि सांगलीकराला तो समजायला अजिबात कठीण नाही. ४ गिगाहर्ट्झला एक ठोका पाव नॅनोसेकंदाचा. तेवढ्यात प्रकाशसुद्धा साडेसात सेंटिमीटरच जातो. रॅममधून एखादी गोष्ट मागवली तर सत्तर-ऐंशी नॅनोसेकंद लागतात, म्हणजे तीनशेच्या आसपास ठोके वाया. म्हणून प्रोसेसरच्या पोटातच कॅशे नावाची छोटी, झटपट मेमरी असते. आपल्या हळदीच्या व्यापाऱ्याकडे बघा. नमुन्याची मूठभर हळद गादीवर ताटात, चार-दोन पोती दुकानात, बाकी माल गोदामात, आणि पूर्वी वर्षानुवर्षांचा साठा असायचा हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत. पेव उघडायचं म्हटलं की माणसं जमवा, वरची माती काढा, कोंडलेली हवा जाईपर्यंत थांबा, मग आत उतरा. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना ताटातली हळद कामाला येते, पेवातली येत नाही. माझ्या प्रोसेसरमध्ये ताट म्हणजे दर कोअरला ३२ किलोबाइटची पहिली कॅशे, चार-पाच ठोक्यांत उत्तर देणारी. दुकानातली पोती म्हणजे २५६ किलोबाइटची दुसरी, बाराएक ठोक्यांची, आणि सगळ्यांत मिळून १२ मेगाबाइटची तिसरी, चाळीसेक ठोक्यांची. गोदाम म्हणजे रॅम. पेव म्हणजे डिस्क.

माझ्याच कामातला हिशेब करून पाहिला. फुल एचडीच्या एका चित्रात २०,७३,६०० पिक्सेल. दर पिक्सेलला चार बाइट धरले तर एक चित्र साधारण ८.३ मेगाबाइट. १२ मेगाबाइटच्या कॅशेत ते कसंबसं मावतं. दुसऱ्या कॅमेऱ्याचा थर वर चढवला की मावत नाही. आणि फोर-के चित्र चौपट, म्हणजे ३३ मेगाबाइट, त्याचा तर प्रश्नच नाही. फोर-केचं काम माझ्या यंत्रावर फुल एचडीच्या चौपटीपेक्षा जास्त वेळ का खातं हे कोडं मला बरेच दिवस होतं. पिक्सेल चौपट आणि वर गोदामाच्या खेपा, असा तो मामला आहे.

एक गोष्ट टास्क मॅनेजर दाखवत नाही. प्रोसेसर रॅमची वाट बघत थांबलेला असतो तो वेळही 'वापरात' म्हणून मोजला जातो. १०० टक्के दिसलं म्हणजे १०० टक्के काम होतंय असं नसतं.

मग रॅमकडे वळलो. बोर्डावर १६ जीबीची एकच पट्टी होती. या प्रोसेसरला मेमरीच्या दोन वाहिन्या आहेत. २६६६ वेगाच्या डीडीआर४ प्रकारच्या पट्टीतून एका वाहिनीला सेकंदाला साधारण २१ गिगाबाइट मिळतात, दोन्ही भरल्या तर ४२. एकच पट्टी लावली की अर्धी वाट रिकामी. तशीच दुसरी पट्टी आणून बसवली. रेंडर १४ वरून साडेतेरावर आला, म्हणजे फार नाही. टाइमलाइन मागेपुढे ओढताना मात्र जे अडखळणं होतं ते जवळजवळ गेलं. याचं कारण माझ्याकडे वेगळं ग्राफिक कार्ड नाही. प्रोसेसरमधलं ग्राफिक त्याच रॅममधून आपला वाटा घेतं, त्यामुळे वाट दुप्पट झाल्याचा मोठा लाभ त्याला मिळाला. एका मोठ्या पट्टीऐवजी दोन लहान पट्ट्या घ्या, हे मी आता प्रत्येकाला सांगतो. एकूण जीबी तेवढेच, पैसे जवळपास तेवढेच.

कोअरबद्दल आपल्याकडे मोठा भ्रम आहे. दुकानात गेलं की पहिला प्रश्न 'किती कोअरचा?' माझा तुकडा चालताना मी आलेख नीट बघत बसलो. बराच वेळ सगळे थ्रेड भरलेले. मग शेवटी शहनाईची खरखर काढणारा फिल्टर सुरू झाला आणि वापर ८-९ टक्क्यांवर कोसळला. आठ टक्के म्हणजे काय? बारा थ्रेडपैकी एक. शंभर भागिले बारा. तो फिल्टर एकाच थ्रेडवर चालणारा आहे, कारण प्रत्येक क्षणाचा आवाज साफ करताना त्याला आधीच्या क्षणाचा निकाल लागतो. बाकीचे पाच कोअर हात बांधून उभे.

तो फिल्टर सुमारे साडेतीन मिनिटं घेत होता, बाकी दहा मिनिटं वाटून होणारं काम. आता दुप्पट कोअरचा प्रोसेसर घेतला तर दहाची पाच होतील, साडेतीनची साडेतीनच राहतील. साडेतेराचे साडेआठ. निम्मेसुद्धा नाहीत. आणि शंभर कोअर आणले तरी साडेतीनच्या खाली जाता येणार नाही. १९६७ मध्ये जीन आम्डाल यांनी हेच दाखवून दिलं होतं आणि त्यांच्याच नावाने हा नियम ओळखला जातो. १९९१ मध्ये पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली परम ८००० हा महासंगणक बांधला तोही अनेक लहान प्रोसेसर एकत्र जोडूनच. अशा यंत्राची ताकद वाटून करता येणाऱ्या कामातच दिसते.

मी फिल्टर चालवायची वेळ बदलली. आवाज आधीच वेगळा काढून, रात्री सगळ्या लग्नांचे आवाज एकदम साफ करायला लावतो. सहा लग्नं असली की सहा वेगवेगळी कामं झाली आणि सहा कोअर कामाला लागले. एकाच आवाजाचे तुकडे करता येत नव्हते, पण सहा आवाज एकमेकांवर अवलंबून नव्हते. आता रेंडर दहा मिनिटांवर आला, आणि हे प्रोसेसरला हातही न लावता.

बारा थ्रेड म्हणजे बारा कोअर नव्हेत, हेही तपासून पाहिलं. बायोसमध्ये हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन थ्रेड चालवायची सोय) बंद करून तोच तुकडा चालवला. वेळ दहावरून साडेबारावर गेली. एका कोअरवर दोन थ्रेड असले की एक रॅमची वाट बघत असताना दुसरा कोअरचे मोकळे भाग वापरतो. पाव हिस्सा मिळतो, दुप्पट नाही. मिळतोय तो सोडायचा कशाला, म्हणून परत चालू केलं.

राहता राहिलं ते प्रोसेसरमधलं खास यंत्र. या प्रोसेसरच्या ग्राफिक भागात क्विक सिंक नावाचा, फक्त व्हिडिओ बांधण्या-सोडण्यासाठीचा वेगळा भाग असतो. एक्स्पोर्टमध्ये हार्डवेअर एन्कोडिंग निवडलं आणि तोच तुकडा चार मिनिटांत झाला. कोअरचा वापर निम्म्याखाली, तापमान ६० च्या आत. जे काम कोअर हजारो सूचनांनी करतात तेच तिथे थेट जोडणीत कोरलेलं आहे, म्हणून हा फरक. पण फाईलचा आकार तोच ठेवला तर हळद खेळतानाच्या दृश्यांत, जिथे हालचाल आणि रंग दोन्ही जोरात असतात, चित्र थोडं फाटल्यासारखं दिसतं. म्हणून नवरा-नवरीला व्हॉट्सअॅपवर पाठवायचा ट्रेलर मी क्विक सिंकने काढतो आणि पेन ड्राइव्हवरची मुख्य फिल्म कोअरवरच. लोक ती फिल्म पुढची तीस वर्षं बघणार असतात, तिथे सहा मिनिटं वाचवणं मला मान्य नाही. एक सावधगिरी: नावाच्या शेवटी एफ असलेले इंटेलचे प्रोसेसर थोडे स्वस्त असतात, पण त्यात ग्राफिक भागच चालू नसतो, म्हणून क्विक सिंकही नाही. मिक्सिंगवाल्यांनी ते घेताना वेगळ्या ग्राफिक कार्डाचा खर्च धरावा.

दुकानदारांना वही दाखवायला नेली. त्यांनी सगळी पानं उलटली आणि म्हणाले, "हे सगळं आमच्याकडच्या पोरांना एकदा समजावून सांगा की." आता यार्डाच्या भागातला संगणक त्यांच्याकडे आला की आधी कूलर उघडून बघतात. मी माझी खिडकी यार्डाच्या बाजूने बंद ठेवतो, कॅबिनेटच्या हवा ओढणाऱ्या बाजूला जाळी लावली आहे आणि हंगामात ती पंधरवड्याला धुतो. खोलीतल्या एअर कूलरचा ओला वारा संगणकावर सरळ येऊ देत नाही, हळदीची पूड ओलाव्याने पुन्हा थापून बसते.

मे महिन्यात बहिणीचा मुलगा आला. त्याला इंजिनिअरिंगसाठी लॅपटॉप घ्यायचा होता. "मामा, दोन्हीत आय७ आहे, मग हा पातळवाला घेऊ का? वजनाला हलका आहे." दोन्हींवर आय७ लिहिलेलं होतं खरं, पण एकाच्या नावाच्या शेवटी यू होतं, दुसऱ्याच्या एच. यू म्हणजे साधारण १५ वॅटचा बेत, एच म्हणजे ४५ च्या आसपास. त्याला प्रोग्राम कंपाइल करायचे, सिम्युलेशन चालवायची, म्हणजे तासन्‌तास सगळे कोअर. दुकानात विनंती करून दोन्हींवर सिनेबेंच आर२३ हे प्रोसेसरची चाचणी घेणारं सॉफ्टवेअर टाकलं. ते दहा मिनिटं सलग चालवता येतं, आणि आम्ही मुद्दाम तसंच चालवलं, एक वेळ चार्जर लावून आणि एक वेळ काढून. पातळ लॅपटॉप पहिल्या मिनिटात दुसऱ्याच्या बरोबरीने पळाला, मग क्लॉक ३.८ वरून २.१ वर येऊन बसलं. चार्जर काढल्यावर दोघेही उतरले, पण जाड लॅपटॉप जास्त उतरला, कारण त्याची भूक मोठी आणि बॅटरी तेवढं पुरवत नाही. भाचा वसतिगृहात राहणार, टेबलावर प्लग आहे. त्याने जाडवाला घेतला, आणि बिल करताना दुकानदाराला सांगून १६ जीबीच्या एका पट्टीऐवजी ८ च्या दोन बसवून घेतल्या.